दाब आणि उसंत

जंतूंच्या मागावर निघालेली पांढरी पेशी उतींमधल्या फटींतून अंग चोरून पुढे सरकते. तिच्या पुढच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे कण एकाला एक जोडले जातात, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू तयार होतात, त्यांना सुमारे ७० अंशांच्या कोनात फाटे फुटतात आणि ही वाढती जाळीच पेशीचं आवरण पुढे रेटते. समोरून दाब आला तर काय होतं?

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शुद्ध प्रथिनं घेऊन पेशीबाहेर अशी जाळी वाढवली आणि ती वाढत असतानाच एका सूक्ष्म पट्टीनं तिच्यावर भार टाकला. वाढ मंदावली, यात नवल नव्हतं. पण जाळी दाट आणि ताठ होत गेली. तंतूंची टोकं बंद करणाऱ्या प्रथिनांचं काम भाराखाली मंदावलं. नवे फाटे मात्र फुटतच राहिले. कुणी हुकूम न देता, जिथे भार तिथे माल, अशी व्यवस्था लागली.

यावर आपल्याकडे लगेच कुणी म्हणेल, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मुलांच्या परीक्षेपासून सुनेच्या संसारापर्यंत ही म्हण आपण सढळ हातानं वापरतो. पण टाकी दगडातून काढूनच घेते. जाळीत मात्र भर पडते, आणि त्यासाठी भोवती सुटे कण लागतात, ऊर्जा लागते.

पेशीतल्या सूक्ष्मनलिकांची, म्हणजे प्रथिनांच्या पोकळ नळ्यांची, गोष्ट याहून बोलकी आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी या नलिका द्रवाच्या प्रवाहाच्या जोरावर पुन्हा पुन्हा वाकवल्या. दर खेपेला त्या थोड्या मऊ पडत गेल्या. मग जरा जास्त उसंत मिळाली, तेव्हा द्रावणातले ट्यूब्युलिन या त्यांच्याच प्रथिनाचे सुटे कण झिजल्या जागी बसले आणि ताठपणा परत आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग विश्रांतीला दुरुस्तीच्या कामात जागा देतो.

आणि जिथे मुळात प्रथिनच सदोष असतं? त्वचेच्या पेशींना बळ देणाऱ्या केराटिन ५ किंवा १४ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही मुलांच्या त्वचेवर साध्या घासण्यानंही फोड उठतात. त्यांना आणखी घासून कुणी कणखर करू शकत नाही.

दडपणानं माणूस घडतो, असं म्हणणाऱ्यानं म्हणूनच आधी दोन गोष्टींचा हिशेब द्यावा: रसद किती पुरवली आणि उसंत किती दिली.