दहा वाजण्याआधीची समता

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४



रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते. सहा सदस्य मत देतात आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर निर्णय सांगतात. आपल्यातले जे ट्रेडिंग करतात, त्यांना त्या दिवशीचे पावणेदहा चांगलेच माहीत आहेत. ऑप्शन्सचे प्रीमियम फुगलेले, समोरचा चहा गार झालेला आणि मनात एकच जप: देवा, पाव टक्का कमी होऊ दे!

आता बघा, त्याच क्षणी देवाकडे आणखी कुणाकुणाचे अर्ज गेलेत. कॉल घेतलेला म्हणतो बाजार वर जाऊ दे, पुट घेतलेला म्हणतो खाली येऊ दे. गृहकर्जाचा हप्ता भरणारं जोडपं म्हणतं दर उतरू दे. एफडीच्या व्याजावर घर चालवणारे आजोबा म्हणतात, नको रे बाबा! देवाने ऐकायचं कुणाचं?

या श्लोकात भगवंत सांगतात की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: कर्माचा आधार, करणारा, त्याची साधनं, त्याची धडपड आणि पाचवं दैव. सगळं मीच घडवतो असं मानणाऱ्याला खरं दिसतच नाही, हेही ते लगेच पुढे सांगतात.

हे पाचवं कारण बाजाराने अनेकदा दाखवलंय. ४ मे २०२२ ला, वेळापत्रकात नसलेल्या बैठकीनंतर, भर दुपारी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के झाला. सेन्सेक्स १३०० हून जास्त अंकांनी पडला. ६ जून २०२५ ला बहुतेकांना पाव टक्का कपात अपेक्षित होती, झाली अर्धा टक्का, आणि बाजार उसळला. अभ्यास करणारे दोन्ही वेळा चकित झाले. कधी तर अंदाज बरोबर येऊनही हाती काही लागत नाही, कारण तो आधीच भावात धरलेला असतो.

इथे कुणीतरी म्हणेल, "मग फळाची चिंताच सोडतो. घेतो चार लॉट, होईल ते होईल!" थांबा. हा कर्मयोग नाही, हा जुगार आहे. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यातल्या प्रत्येकामागे एक घर आहे.

पाचवं कारण आपल्या हातात नाही, म्हणूनच पहिली चार नीट सांभाळायची. आधार: हे पैसे कुठले? उसने, की आईच्या औषधांसाठी ठेवलेले? कर्ता: मन शांत आहे, की कालचा तोटा आजच भरून काढायचाय? साधनं: अभ्यास झालाय, की कुणाच्या टिपवर उडी मारतोय? धडपड: किती लॉट घ्यायचे? की आज काहीच घ्यायचं नाही? न घेण्याचा निर्णयसुद्धा कर्मच आहे.

समता दहा वाजता येत नसते. ती आदल्या रात्री, रक्कम ठरवताना येते. जी गेली तर घरी तोंड दाखवता येणार नाही, अशी रक्कम लावून कुणीही स्थितप्रज्ञ होत नाही, मग जप कितीही करा.

आजचा छोटा अभ्यास: पुढच्या बैठकीच्या आदल्या रात्री वहीत दोन वाक्यं लिहा. दर कमी झाला तर उद्या संध्याकाळी मी कसा असेन? नाही झाला तर कसा असेन? दुसरं वाक्य लिहिताना पोटात गोळा आला, तर रक्कम कमी करा, किंवा सरळ बाजूला बसा.

आणि देवाकडे दर मागू नका. सद्बुद्धी मागा, आणि त्या एफडीवाल्या आजोबांसाठीही दोन शब्द मागा. ही प्रार्थना दुसऱ्या कुणाच्याच प्रार्थनेच्या आड येत नाही.

राम कृष्ण हरी 🙏