नेतृत्वाचा परीक्षक कोण?

व्यवसाय प्रशासनात डॉक्टरेट मिळवता येते, आणि ती खास नेतृत्वविकासावर बेतलेलीही असू शकते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. तिला डीबीए म्हणतात. ती घेणारा माणूस बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. त्याच्या हाताखाली पन्नास किंवा पाचशे माणसे असतात, नोकरी सोडणे त्याला परवडणारे नसते, आणि वीस वर्षे आपण जे करत आलो त्याचा काही अर्थ लागतो का, हे पाहण्याची त्याला मनापासून ओढ असते. या ओढीची टिंगल करू नये. पन्नाशीच्या आसपास पुन्हा वही-पेन घेऊन बसणारा माणूस मला तरी आदरणीय वाटतो.

पीएच.डी. ज्ञानात भर घालते आणि डीबीए व्यवहारातला प्रश्न संशोधनाच्या शिस्तीने सोडवते, असा दोहोंतला फरक सांगतात. तो फार पक्का नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने कित्येक दशके डीबीए दिली आणि 2018 मध्ये तिच्या जागी पीएच.डी. आणली. आपल्या आयआयएमना तर 2017 चा कायदा होईपर्यंत पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. तिथे चार-पाच वर्षे घासून संशोधन केलेली माणसे 'फेलो' म्हणून बाहेर पडत. त्यांचे काम त्यामुळे उणे ठरले नाही. पदवीच्या नावाने पैसे उकळणारा बाजार आहेच. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने 2022 च्या ऑक्टोबरात मिळून बजावले होते. पण खोट्या पदवीत विचार करण्यासारखे काही नसते. ती खोटी असते, एवढेच. प्रश्न खऱ्या पदवीबद्दल आहे. एखाद्याने प्रामाणिकपणे तीन-चार वर्षे राबून नेतृत्व या विषयात डॉक्टरेट मिळवली, तर त्याला नेमके काय कळले असे आपण म्हणायचे?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो की सद्गुण शिकवता येतो का, आणि दाखला देतो थेमिस्टोक्लीसचा. अथेन्सच्या या मोठ्या नेत्याने मुलाला उत्तम घोडेस्वार केले, पण ज्या गुणामुळे तो स्वतः मोठा झाला तो मात्र त्याला मुलाला देता आला नाही. घोडेस्वारी शिकवता येते, कारण ती कशाची तरी विद्या आहे. नेतृत्व ही कशाची विद्या?

आपल्या परंपरेकडे पाहिले तर उत्तराचा एक धागा सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचे. राज्य कसे चालवावे हे कोवळ्या राजाला सांगण्यासाठी लिहिलेला हा मराठीतला बहुधा सर्वांत मोलाचा ग्रंथ. त्यात नेतृत्व नावाच्या कुठल्या सुट्या गुणाचे विवेचन नाही. त्यात किल्ले आहेत, आरमार आहे, सावकार आणि वतनदार आहेत, आणि झाडेही आहेत. आरमारासाठी लाकूड लागते, पण आंबा-फणसाला हात लावू नये, असे पंत सांगतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. राज्यकर्त्याचे शिक्षण इथे झाडाच्या जातीपर्यंत उतरते, आणि तिथून लगेच झाडाच्या धन्यापर्यंत पोचते. तो 'संतोष' हा शब्द पुढे आपल्याला लागणार आहे.

विसाव्या शतकातली एक जोडी आठवते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. विठ्ठलरावांची शाळा थोडकी. गाडगीळ केंब्रिजचे, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. यातला नेता कोण, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. गाडगिळांकडे अर्थशास्त्राची विद्या होती. नेतृत्वाची विद्या अशी दोघांकडेही वेगळी नव्हती. ती दोघांच्या आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मध्ये कुठेतरी होती. बाबासाहेबांच्या बाबतीतही तेच. त्यांच्या दोन्ही डॉक्टरेट, कोलंबियाची आणि लंडनची, अर्थशास्त्रातल्या आहेत. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे आणि तो चूक की बरोबर हे चलनाचा इतिहास काढून तपासता येते. नेता ही पदवी त्यांना महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसांनी दिली.

आपल्या भाषेलाही हे कळत असावे. 'नेतृत्व' हे पुस्तकी नाम आहे. गावात आपण 'पुढारी' म्हणतो, घरात 'कर्ता' म्हणतो. पुढारी म्हटले की मागे कुणीतरी आहे हे आलेच, आणि कर्ता म्हटले की काहीतरी केलेले दाखवावे लागते. (पुढारी हा शब्द पुढे जवळजवळ शिवी झाला, ती गोष्ट वेगळी, ती बदनामीही मागच्यांनीच केलेली आहे.)

आम्ही जबलपूरची मराठी माणसे नागपूरहून परतताना रस्त्यात बरगी लागली की घर आले असे समजतो. तिथून आत वळले की नर्मदेवरचा मोठा बांध. काम 1974 मध्ये सुरू झाले, 1990 मध्ये पुरे झाले. नर्मदेवर आखलेल्या मोठ्या बांधांतला हा पहिला पूर्ण झालेला. जलाशयाला राणी अवंतीबाई लोधींचे नाव आहे. 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेली रामगढची ही राणी. नेतृत्वाला दिलेले इतके मोठे स्मारक आमच्या भागात दुसरे नाही, आणि ते मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतल्या गावांवर उभे आहे. नियोजनात बुडणारी गावे 101 धरली होती. बाधित झाली 162. त्यांत गोंड लोक पुष्कळ. पुनर्वसनासाठी वसवलेल्या जागांपैकीही काही पाण्याखाली गेल्या.

बांध बांधणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्यात उत्तम इंजिनियर होते, हजारो मजुरांकडून सोळा वर्षे काम करून घेणारे अधिकारी होते. आजच्या कुठल्याही नेतृत्वविकासाच्या वर्गात ते पहिल्या बाकावर शोभले असते: दूरदृष्टी, चिकाटी, संघबांधणी, सगळे त्यांच्यापाशी होते. 101 आणि 162 यांच्यातली एकसष्ट गावे या गुणांच्या यादीत कुठे बसवायची? भिंत किती उंच घालायची हे त्यांना ठाऊक होते. पाणी कुणाच्या अंगणात थांबेल हे सांगू शकणारी माणसे त्या अंगणातच राहत होती, आणि त्यांना परीक्षक म्हणून कुणी बोलावले नव्हते.

त्याच जलाशयावर दुसरीही एक गोष्ट घडली. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी मासेमारीचा हक्क मागितला आणि बरीच वर्षे भांडून 1994 मध्ये तो त्यांच्या सहकारी संघाला मिळाला. चौपन्न प्राथमिक संस्था होत्या. आयुष्यभर नांगर धरलेली माणसे खोल पाण्यात जाळी टाकायला शिकली, मासळीचे वजन, विक्री, हिशेब, बैठका, सगळे शिकली. याला नेतृत्वविकास म्हणायचे नाही तर कशाला? काही वर्षांनी तो हक्क त्यांच्या हातून गेला, त्यामुळे ही विजयकथा नव्हे. पण इतकी वर्षे तिथे दर हंगामात परीक्षा होत होती, आणि परीक्षक होता हिशेबाच्या वहीत आपले नाव शोधणारा सभासद.

नर्मदेच्या खोऱ्यातले सर्वांत ठाऊक असलेले नाव मेधा पाटकरांचे. त्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पीएच.डी.चे संशोधन करत होत्या आणि ते अर्धवट सोडून खोऱ्यात राहिल्या. त्यांच्या भूमिकेशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, घालावाही. पण त्यांचे समर्थक आणि विरोधक यांच्यापैकी कुणीही प्रबंध पुरा झाला नाही म्हणून त्यांचे नेतृत्व अपुरे, असे म्हटलेले मी ऐकले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग पदवीच नको, अनुभव पुरे. हे मला पटत नाही. अनुभव मुका असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच बाजूने साक्ष देतो. वीस वर्षे माणसे हाताळलेला अधिकारी आपल्या सवयींनाच तत्त्व समजू लागतो. त्याला कुणीतरी हटकून विचारायला हवे की, हे तुला कसे ठाऊक? चांगला मार्गदर्शक ते विचारतो. डीबीएचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

पण तिची नैतिक अडचणही नेमकी इथेच आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. समजा, एका कारखान्याचा महाव्यवस्थापक 'आपल्या संस्थेतील विश्वासाचे वातावरण' असा विषय घेतो. माहिती कुठून आणणार? आपल्याच माणसांच्या मुलाखती घेणार. तो संमतीपत्र पुढे करतो. त्यावर छापलेले असते की सहभाग ऐच्छिक आहे, केव्हाही माघार घेता येईल. समोर बसलेल्या फिटरची बढती याच साहेबाच्या सहीवर अडलेली असते. तो सही करतो. मग साहेब विचारतात, 'तुम्हांला माझ्याशी मोकळेपणाने बोलता येतं का?' आणि फिटर म्हणतो, 'हो साहेब.' हे वाक्य प्रबंधात माहिती म्हणून जाते. खरे तर तो निकाल आहे, आणि बहुधा नापासाचा.

पंतांचा 'संतोष' इथे आठवतो. धन्याला राजी करणे म्हणजे सही घेणे नव्हे. 'माझे झाड देत नाही' असे म्हणून धनी घरी सुखरूप जाऊ शकतो, तेव्हाच तो राजी होता असे म्हणता येते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराने संशोधनही सिद्ध होत नाही आणि नेतृत्वही.

हाताखालच्यांना विचारले म्हणजे खरे कळते, असेही नाही. नावडता निर्णय कधी कधी बरोबर असतो आणि लाडका साहेब कारखाना बुडवूनही जातो. बरगीच्या कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात आले तो शेतकरी आणि ज्याचे शेत तळाशी गेले तो, दोघे एकच उत्तर देणार नाहीत. म्हणून मी मतदान मागत नाही. मागणे एवढेच की, ज्यांच्याविषयी प्रबंध आहे त्यांना तो वाचता यावा आणि 'हे असे नव्हते' असे म्हणता यावे. आज तो इंग्रजीत लिहिला जातो, दुसऱ्या शहरातले दोन परीक्षक तो तपासतात, आणि ज्या खात्यातल्या माणसांच्या बोलण्यावर तो उभा आहे त्यांना फक्त पेढे मिळतात.

आपल्याकडे पीएच.डी.ची मौखिकी खुली असते. विभागातले प्राध्यापक, इतर संशोधक आणि विषयात रस असलेले तज्ज्ञ तिला बसू शकतात, असे आयोगाचे 2016 चे नियम सांगत होते. या शेवटच्या शब्दापाशी मी बराच वेळ अडतो. एखाद्या महाव्यवस्थापकाच्या नेतृत्वाविषयी त्याच्या फिटरहून मोठा तज्ज्ञ कोण? ती मौखिकी एकदा कारखान्याच्या कँटीनमध्ये, पाळी बदलायच्या वेळी, हिंदीत किंवा मराठीत घेऊन पाहावी. उमेदवाराने आपले निष्कर्ष सांगावेत, आणि मग मागच्या बाकावरून कुणी हात वर करतो का, याची जरा वाट पाहावी.