"आता एकदम बरं ना?"

आतड्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. अपेंडिक्स काढलेला माणूस बिनधास्त 'हो' म्हणतो. क्रोन्सच्या पेशंटने काय म्हणायचं?

1932 साली न्यूयॉर्कमध्ये बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी हा आजार नोंदवला, तेव्हा खराब तुकडा कापला की सुटका होईल अशी आशा होती. पुढे कळलं की आजार परततो, आणि बरेचदा नेमका नव्या जोडापाशीच. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं तसं नाही. तिथे मोठं आतडं काढलं की मूळ दुखणं बहुतांशी संपतं. पण लहान आतड्याची पिशवी शिवून जोडली तर दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जाणं हे यश मानतात. ऐकायला विचित्र वाटतं ना? आधी वीस वेळा धावणाऱ्याला विचारा.

म्हणजे 'बरं' हा शब्द कुठून मोजता त्यावर ठरतो. आपण तो निरोगी माणसापासून मोजतो, आणि गफलत तिथेच होते. पोटावर पिशवी लावून माणसं वर्षानुवर्षं नोकरी करतात, प्रवास करतात, संसार करतात. तरी घरचे ती लपवतात, कारण 'लग्नाचं कसं जमणार?' हा त्रास ऑपरेशनचा नाही, आपला आहे.

खरा पेच पुढे आहे. पुन्हापुन्हा कापून सहा मीटरचं लहान आतडं दोन मीटरच्याही खाली आलं, तर अन्न शिरेतून द्यावं लागू शकतं. तेही जमेनासं झालं, म्हणजे यकृत बिघडलं, शिरा संपल्या, की प्रत्यारोपण. आतड्यात प्रतिकारपेशींची गर्दी असते, त्यामुळे शरीर ते नाकारण्याचा धोका मोठा. टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर. त्यातून जंतुसंसर्ग, किडनीवर ताण. पाच वर्षांनी अशी साधारण निम्मीच आतडी काम करत असतात. दुसरीकडे, ज्याने वर्षभर तोंडाने काही खाल्लेलं नाही, त्याच्यासाठी वरणभाताचा एक घास कुठल्याही टक्केवारीत बसत नाही.

काही डॉक्टर हे आकडे सांगत नाहीत. धीर खचेल म्हणून. मला हे पटत नाही. एका आजाराच्या बदल्यात दुसरा, जास्त सांभाळता येईल असा आजार घेण्याचा हा व्यवहार आहे, आणि व्यवहार करणाऱ्याला भाव माहीत हवा. त्यात आपल्याकडे शिरेतल्या पोषणाचा खर्च रोजचा असतो आणि बहुतेकदा घरच्यांच्याच खिशातून जातो. महिनोन्‌महिने तो भरणं थोड्यांनाच झेपतं. मग प्रत्यारोपणाच्या संमतिपत्रावर सही होते ती वैद्यकीय गरजेपोटी की पैसे संपले म्हणून, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. फॉर्मवर तसा रकानाच नाही.