चोराला न कळलेली वस्तू

चोरी हे पाप आहे, याविषयी आपणा सर्वांचे एकमत आहे. परंतु चोराने जेवढे चोरले तेवढेच त्याचे पाप, की त्या वस्तूतून पुढे जे जे घडेल तेही त्याच्याच माथी मारायचे, या प्रश्नावर एकमत होणे कठीण. मला हा प्रश्न सुचला तो एका चमत्कारिक वस्तूमुळे.

बॉयलर, तेलवाहिन्या, मोठ्या टाक्या यांच्या वेल्डिंगचे जोड आतून निर्दोष आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एक हातात नेण्याजोगी पेटी वापरतात. तिला रेडिओग्राफी कॅमेरा म्हणतात. वजन साधारण वीस-पंचवीस किलो, वर उचलायला मूठ. आत इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा असतो. जड आवरणात असेपर्यंत तो बंदिस्त; बाहेर काढून कोणी खिशात ठेवला तर काही तासांतच मांडीचे मांस आतून जळून जाते. इजिप्तमधील मीत हल्फा या गावी २००० साली एका शेतकऱ्याला असा तुकडा सापडला. मौल्यवान धातू समजून त्याने तो घरी नेला. तो स्वतः आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, दोघेही दगावले. चोराच्या दृष्टीला अशा पेटीत केवळ वजन दिसते, आणि वजनाला भंगारबाजारात भाव असतो.

अशा चोरीचे सर्वांत मोठे उदाहरण ब्राझीलमधील गोयानिया शहरातले आहे. तेथील एका खाजगी रुग्णालयाने १९८५च्या सुमारास जागा बदलली आणि कर्करोगावरील उपचाराचे सीझियम-१३७चे यंत्र जुन्या, पडक्या इमारतीतच सोडून दिले. सप्टेंबर १९८७मध्ये दोघांनी ते खोलून त्याचा भाग हातगाडीवर घालून नेला व भंगारवाल्याला विकला. आतली भुकटी रात्री निळी चमकते हे पाहून भंगारवाल्याने कौतुकाने आप्तेष्टांना तिचे कण वाटले. एका सहा वर्षांच्या मुलीने ते अंगाला चोळले. चौघे मरण पावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सार आढळला, आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. त्या मुलीच्या दफनाच्या वेळी भयभीत जमावाने दगड मारले.

आता या चौघांचे मरण कोणाच्या खात्यावर लिहायचे? ज्याने अधर्माची पहिली पायरी ओलांडली त्यानेच पुढचे सर्व भोगावे, असे रोखठोक उत्तर पुष्कळ जण देतील. मला ते पटत नाही. महाभारताच्या आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा वाचकांना स्मरत असेल. चोरांनी ऋषीच्या आश्रमात मुद्देमाल लपवला आणि राजाने ऋषीलाच सुळावर चढवले. हे कशाचे फळ, असे त्याने यमधर्माला विचारले, तेव्हा बालपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस, असे उत्तर मिळाले. मांडव्याने ते मान्य केले नाही. अल्प अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल त्याने यमालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप मानू नये, अशी मर्यादा घातली. अजाणतेपणाला काही माप असावे, आणि दंड देणाऱ्यालाही जाब विचारता यावा, ही आपल्या परंपरेतली जाणीव किती जुनी आहे पाहा. विदुर जन्माला आला तो याच शापातून.

गोयानियाचे चोर बालक नव्हते हे खरे. चोरीचा दंड त्यांना व्हावाच. परंतु ती वस्तू काय आहे हे ठाऊक असलेली माणसे निराळीच होती, आणि तीच दार उघडे टाकून गेली होती.

चोर मुळीच नसला तर काय होते, हे दिल्लीने २०१०मध्ये दाखवले. दिल्ली विद्यापीठात कोबाल्ट-६० असलेले एक जुने संशोधनयंत्र वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. ते रीतसर लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. एक कामगार मृत्युमुखी पडला, अनेक जण रुग्णालयात गेले. येथे कुलूप तुटले नव्हते; कागदपत्रे बहुधा चोख असतील. राज्य सरकारच्या सेवेत ज्यांची हयात गेली त्यांना डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे काय हे सांगायला नको. वस्तूचा क्रमांक पिढ्यानपिढ्या पुढे उतरवला जातो; ती वस्तू काय आहे हे जाणणारा मात्र केव्हाच निवृत्त झालेला असतो. पदभार सोपवताना किल्ल्या मोजून दिल्या जातात, माहिती सोपवली जात नाही. असो.

कायद्याने या बाबतीत नीतिशास्त्राच्याही पुढे पाऊल टाकले आहे. १८६८च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लिश निवाड्यावरून चालत आलेल्या नियमात, परक्या माणसाच्या कृत्यामुळे अनर्थ झाला असे दाखवून मालकाला सुटता येत असे. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळती प्रकरणात डिसेंबर १९८६मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने ती पळवाट भारतापुरती बंद केली. जो घातक उद्योग चालवतो त्याचे दायित्व निरपवाद आहे. ‘चोराने नेले’ हे चोरावरील खटल्यात उपयोगी पडेल. जखमी झालेल्याला भरपाई नाकारण्यासाठी नव्हे.

अर्थात भरपाई म्हणजे अपराध नव्हे, आणि आपले काय, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०१३मध्ये दिलसुखनगरात सायकलींवर ठेवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले. तेव्हापासून बेवारशी डबा दिसला की आमच्या गल्लीतले लहान मूलही थबकते. किरणोत्साराची तीन पात्यांची खूण मात्र अनोळखी माणसाला बेलाच्या पानासारखी किंवा छताच्या पंख्यासारखी वाटेल. म्हणूनच २००७मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कवटी आणि पळणारा माणूस असलेले तांबडे चिन्ह पुढे आणले. त्याची चाचणी झालेल्या देशांत भारतही होता. ते हातगाडीवाल्यापर्यंत पोहोचले आहे का, हे ज्याने त्याने आपल्या दारातल्या भंगारवाल्यालाच विचारून पाहावे. आपण त्या साखळीबाहेर आहोत असेही कोणी समजू नये. २००८मध्ये फ्रान्समधील लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, आणि त्या पोलादाचा माग आपल्या खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला.

गोयानियात वैद्य, मालक, अधिकारी यांपैकी कोणाच्याही आधी संशय आला तो भंगारवाल्याच्या पत्नीला. घरची माणसे एकामागून एक आजारी पडू लागली ती त्या चमकत्या वस्तूनंतर, हे तिने ताडले. वस्तू तोवर दुसऱ्या भंगारवाल्याकडे गेली होती. २८ सप्टेंबरला तिने ती एका पिशवीत भरवली, एका कामगाराला बरोबर घेतले आणि सार्वजनिक बसने आरोग्यकेंद्रात नेऊन डॉक्टरांसमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ मापकयंत्र घेऊन तिकडे निघाला, तर काटा इतका चढला की यंत्रच बिघडले असे वाटून तो दुसरे आणायला गेला. ती स्त्री २३ ऑक्टोबरला वारली. ते दोन चोर वाचले.