विषारी साप : हलवावे की राहू द्यावे?

भाविकहो, डोंगरावरील तीर्थक्षेत्री पावसाळ्यात पायऱ्यांलगत, उद्यानातील दगडांच्या कडेला किंवा देवराईच्या वाटेवर नाग, घोणस वा फुरसे दृष्टीस पडणे नवलाचे नाही. अशा वेळी यात्रेकरू व देणगीदार मंडळींकडून बहुधा एकच सूचना येते : साप पकडून दूर रानात सोडून द्यावेत. सूचना सद्भावनेची आहे; साप मारा असे कोणी म्हणत नाही, हेही समाधानाचे. तथापि हे दूरचे रान कोणाचे? ते कुणा शेतकऱ्याच्या बांधाला लागून असते. येथे पादत्राणे काढून चालणाऱ्या भाविकाचा धोका आपण तेथे अनवाणी भातलावणी करणाऱ्या मजूर स्त्रीच्या पायाशी नेऊन ठेवतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. त्यांच्या संकटात भर घालून मिळविलेल्या निर्धास्तपणाला पुण्य म्हणावे काय?

सापाचेही यात हित नाही. अनोळखी मुलखात सोडलेले साप सैरभैर भटकतात व त्यांतील अनेक जगत नाहीत, असे अभ्यासकांना आढळले आहे. शिवाय उंदीर आहेत तोवर रिकाम्या बिळात दुसरा साप येतोच. आणि उंदीर कोण पोसते? अर्धवट खाऊन टाकलेला प्रसाद!

म्हणून देवराईत, झाडीत वा वाटेच्या कडेला असलेला साप तेथेच राहू द्यावा, असे आमचे मत आहे. भक्तनिवास, अन्नछत्र आणि मुले खेळतात ती हिरवळ यांची गोष्ट मात्र निराळी. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर निजलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. अशा ठिकाणी भूतदयेच्या नावाने साप राहू देणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे होय. तो वनखात्यास कळवून, जाणकार सर्पमित्राकडून, जवळच्याच झाडीत हलवावा. हौसेने पकडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागादी सापांना संरक्षण दिलेले आहे.

यात्रेकरूंनी अंधारात विजेरी बाळगावी, दगड उचलू नयेत, साप दिसल्यास गर्दी न करता सेवेकऱ्यांस कळवावे. दंश झालाच तर जखम कापू वा चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णास न चालविता तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावरील प्रतिविष तेथेच मिळते. अंगारा मागाहूनही लावता येतो.