पायांकडे पाहणे

आम्ही वारकरी मंडळी भेटलो की प्रथम एकमेकांच्या पाया पडतो. तेथे लहानथोर, जातपात काही पाहत नाही. परंतु त्या पायांवर डोके ठेवताना आपण पायांकडे पाहतो का, हा प्रश्न बरेच दिवस आमच्या मनात सलतो आहे. त्याचे कारण आज सांगून टाकतो. त्यात दोष आमचाच आहे.

सन २०१४ च्या आषाढी वारीत आमच्या दिंडीतील एक टाळकरी कीर्तन आटोपल्यावर हळूच जवळ आले. "बुवा, जरा बघता का?" म्हणून त्यांनी धोतर वर केले. पोटरीवर रुपयाएवढा फिकट, तांबूस चट्टा. आम्ही विचारले, "दुखतो? खाजतो?" "नाही हो, तिथं काहीच कळत नाही." "मग कशाला जिवाला घोर? बुक्का लावा अन् नाम घ्या." झाले! बिचारे पाया पडून गेले. 'काहीच कळत नाही' हेच तर मुख्य लक्षण होते, आणि आम्ही त्यालाच क्षेम समजलो.

माणसाची रीत पाहा. दाढ दुखली तर अर्ध्या रात्री वैद्याचे दार ठोठावतो. न दुखणारी व्याधी मात्र वर्षानुवर्षे उशाशी घेऊन निजतो. मनात शंका आलीच, तर आधी देवऋषी, मग अंगारा, मग बाजारातला मलम, आणि सर्वांच्या शेवटी डॉक्टर. या टाळकऱ्यांना शंका आली होती. पण घरात उपवर मुलगी. 'महारोग' हा शब्द गावात फुटला तर सोयरीक मोडेल, या धाकाने ते पंगतीत कडेला बसू लागले. घरच्या माउलीलाही सांगितले नाही. मागल्या जन्मीचे काही असेल म्हणून एकादशीच्या जोडीला सोमवार-शनिवारही धरले.

सन २०१७ मध्ये लोणंदच्या मुक्कामी सतरंजीवर रक्ताचे डाग दिसले. तापल्या डांबरी सडकेवर अनवाणी चालून तळव्याला फोड आला, फुटला, आणि ज्याचा पाय त्यालाच पत्ता नाही! आरोग्य पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून पेनाचे टोक ठिकठिकाणी टेकवले. "कुठं लागतंय ते बोट ठेवून दाखवा, काका." काका स्वस्थ बसून राहिले. आम्ही शेजारी उभे होतो. मान वर करवेना.

हा रोग जंतूचा. नॉर्वेच्या हॅन्सन नामक डॉक्टरांनी सन १८७३ मध्ये तो जंतू पाहिला. तो पापाने होत नाही, वंशाने उतरत नाही. पांढरे कोड निराळे, हा निराळा. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. तेव्हा पोथीत 'कुष्ठ' शब्द आला की दर वेळी हाच रोग, असेही नव्हे. जंतू अंगात शिरल्यावर चट्टा उमटायला पाच-पाच वर्षे, कधी वीसही लागतात. सन १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत दुसऱ्यास लागण होण्याचे भय उरत नाही. सन २०१९ मध्ये कायद्यानेही घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग काढून टाकला. आमच्या पंगतीतून अजून निघायचा आहे. मात्र उशीर झाला तर जंतू मरतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.

काकांची बारा महिन्यांची औषधे पुरी झाली. रोग गेला, तळवा बधिरच राहिला. डॉक्टरांनी मऊ रबराच्या चपला दिल्या; काकांचे व्रत अनवाणी वारीचे! दिंडीत कुजबुज झाली, "नेम मोडला." आम्ही त्यांना चपलेसकट पुढच्या ओळीत उभे केले अन् म्हणालो, "नेम मोडल्याचा दोष आमच्या माथी. तीन वर्षे आधी आम्ही नीट पाहिले असते तर यांना चप्पल लागलीच नसती." मग कोणी बोलले नाही. एकदोघे पंगतीत त्यांच्याजवळ बसत नाहीत, ते अजूनही बसत नाहीत.

आता मुक्कामाला हरिपाठ झाला की काकू आरसा धरतात, काका तळवे न्याहाळतात, आणि बॅटरी आम्ही धरतो. गेल्या वारीत वाखरीला एक तरुण विणेकरी ते पाहत उभा होता. थोड्या वेळाने त्याने सदऱ्याची बाही वर केली अन् म्हणाला, "बुवा, हे जरा बघा बरं."

आम्ही या खेपेस बुक्का काढला नाही. त्याला घेऊन तडक पथकाच्या तंबूकडे गेलो.