पटावरचं एक नाव

म्हसळ्यात शाळांची तुलना करायला फार वेळ लागू नये. गाव ते केवढं! जिल्हा परिषदेची मराठी शाळा, जिल्हा परिषदेचीच उर्दू शाळा, पुढे संस्थांची हायस्कुलं, आणि टाय-बुटातलं, फी घेणारं इंग्रजी माध्यम. माझ्या बहिणीच्या मुलीला यंदा पहिलीत घालायचंय. भावोजी कुवेतला असतात, त्यामुळे "दादा, तूच बघून सांग ना कुठली बरी" हे काम माझ्याकडे आलं. मी मुंबईत बसून यू-डायसच्या साइटवर शाळा शोधल्या. वर्गखोल्या किती, शिक्षक किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, सगळं तिथं मिळतं. फ्रिज घेताना करतो तसा तक्ता तयार झाला.

पण मी एखाद्या कंपनीचा फ्रिज घेतला नाही म्हणून शेजाऱ्याच्या घरातला फ्रिज कमी गार होत नाही. शाळेचं तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन, ९१ पासून चार. संच मान्यतेत पट मोजला जातो आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. राज्याचे निकष मधूनमधून बदलतात, पण तत्त्व हेच. म्हणजे पट ६१ असलेल्या शाळेतून एक मुलगी गेली, तर उरलेल्या ६० जणांचा एक शिक्षक धोक्यात येतो. मग दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तक्ता करतो, त्याला 'शिक्षक : २' दिसतं, तोही मूल काढतो. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हाही कारण गुणवत्तेचंच दिलं होतं.

मुंबईत एक नाव इकडचं तिकडे झालं तर सहसा काही हलत नाही. लहान गावात हलतं. आपण ज्या शाळेची तुलना करतोय, तिला आपली निवडच बदलत असते.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था घसरायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा आवाज उठवणं. त्याने सरकारी शाळांचंही उदाहरण घेतलं होतं. दर्जाची ज्यांना सर्वांत जास्त पर्वा असते, तेच आधी निघून जातात. म्हणजे भांडू शकले असते ते पालकच शाळेला उरत नाहीत. आपल्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. तरतूद सुंदर आहे. पण अर्ज कसा लिहायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना काय विचारायचं हे ज्यांना माहीत आहे, त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून दुसरीकडे जातात. समितीत उरते ती आई, जिची मीटिंगला आल्यावर दिवसाची मजुरी बुडते.

हे बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गावची शाळा टिकवायला माझ्या पोरीने झिजायचं?" तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. खोडायचंही नाही. सहा वर्षांच्या मुलीने समाजसेवेचा करार केलेला नाही, आणि तिच्या वतीने तो करायचा हक्क मामालाही नाही. दुसरीतल्या मुलाला सलग चार ओळी वाचता येत नसतील आणि ते कुणी मनावर घेत नसेल, तर मूल काढणंच बरोबर.

पण सगळी कारणं अशी नसतात. "आपल्यातले सगळे तिकडेच जातात" हे कारण मी कितीतरी घरांत ऐकलंय. तिथं आपण शिक्षण विकत घेत नसतो, बाकावरचा शेजारी विकत घेत असतो. बहिणीला मी एवढंच सुचवलं : दोन्ही शाळांत एकेक दिवस बसून ये, आणि नको म्हणायचं कारण तिथल्या बाईंना तोंडावर सांगता येईल का ते बघ.

तरी एक गोष्ट माझ्या तक्त्यात नीट बसत नाही. म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होतं; इथं कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे. सरकारने मराठी आणि उर्दू अशा वेगळ्या शाळा दिल्या. मातृभाषेच्या नावाने दिल्या, आणि तो हक्क मी मोलाचाच मानतो. जरी इथल्या कित्येक मुसलमान घरांत उर्दू नाही, कोकणीच बोलतात. पण कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती : एका भागातली सगळ्या जातिधर्मांची, गरीब-श्रीमंत मुलं एकाच शाळेत. म्हसळ्यात आज ती कल्पना थोडीफार दिसते ती फी घेणाऱ्या इंग्रजी माध्यमात. बहिणीच्या शेजारची नाझनीनच्या वयाची मुलगी आणि माझी भाची एका वर्गात बसू शकतील तर तिथंच. फी न परवडणारी पोरं मात्र, एकाच जिल्हा परिषदेच्या दोन इमारतींत, वेगवेगळी बसतात.